गडग्यावरची मुलं

आमच्या गावच्या घरात वायफायचा पासवर्ड कालनिर्णयवर लिहिलेला असायचा. दुधाचं माप, सिलिंडर लावल्याची तारीख, कलमांवर फवारणी कधी झाली, या सगळ्या नोंदींच्या वर, महिन्याच्या नावाशेजारी, आप्पांच्या ठसठशीत अक्षरात दहा आकडे. महिना उलटला की नव्या पानावर पुन्हा तेच दहा. तो आप्पांचाच मोबाइल नंबर. वायर जोडायला आलेल्या मुलाने राउटरमध्ये तोच घातला होता, "काका, हा तुम्ही विसरणार नाही" म्हणून. खरंच कोणी विसरलं नाही. पतसंस्थेपासून किराणा दुकानापर्यंत तो नंबर गावात सगळ्यांकडे आहे.

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत. आजोबांनी बांधलेलं. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे सैपाकघर आणि शेवटी पडवी. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, हातभर जाडीच्या. भर मे महिन्यात माजघरात शिरलं की अंगावरून थंड हात फिरल्यासारखं वाटतं, ते त्या भिंतींमुळे. मी नेरूळला राहतो, पुलांची ड्रॉइंग तपासणं हे माझं काम. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे इथे आलो आणि चार महिने राहिलो.

तेव्हा गावात वायर नव्हती आणि घरात मोबाइलला रेंज नव्हती. लॅपटॉप पिशवीत घालून मी सड्यावर जायचो आणि कातळावर छत्रीखाली बसून काम करायचो. त्याच पावसाळ्यात बातमी आली होती, तळकोकणातली एक मुलगी डोंगरावर खोपी बांधून तिथून कॉलेजचे तास ऐकते. लोकांना ती बातमी नवलाची वाटली. मला नाही वाटली, कारण आमच्या सड्यावरही रोज सकाळी सात-आठ मुलं यायची. घरटी एक फोन, तोही बापाचा. दगडाला टेकवून ठेवलेल्या एकेका फोनपुढे तीन-तीन डोकी. पावसाची सर आली की फोन आधी शर्टाच्या आत जायचा, मग मुलं झाडाखाली पळायची. त्या मुलांचे चेहरे मला पाठ झाले होते.

तीन वर्षांपूर्वी फायबर आली. विजेच्या खांबांवरून, मध्ये दोन ठिकाणी फणसाला बांधून, एकदाची आमच्या ओटीच्या वाशापर्यंत पोचली. ज्या भोकातून वायर आत आली त्याच्याशेजारीच खिळा मारून राउटर टांगला गेला. जवळजवळ सगळ्या घरांत असंच होतं. वायर जिथून शिरते ती जागा राउटरची ठरते, मग माणसं घरात कुठेही बसत असोत. आमचा राउटर ओटीच्या कोपऱ्यात होता, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या कुशीत.

प्लॅन शंभरचा. हे शंभर मेगाबिट असतात, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते ती फार तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने. इथेच कितीतरी जणांना आपण फसवले गेलो असं वाटतं. माझी तक्रार वेगळी होती. ओटीवर नेट धावायचं, आणि मी मुद्दाम मागे पडवीत, शांत जागी टेबल टाकलं होतं तिथे दोनशे मेगाबाइटचं एक ड्रॉइंग उतरायला साडेचार मिनिटं लागायची. फोन केला की पलीकडून एकच सल्ला, "दोनशेचा प्लॅन घ्या."

एका रविवारी मी फोन हातात घेऊन घरभर फिरलो आणि वहीत आकडे मांडले. राउटरला थेट केबल लावून ९४. ओटीवर वायफायने ९०. माजघरात ३८, सैपाकघरात १४, पडवीत ६. म्हणजे कंपनीची वायर पुरेपूर देत होती, आणि ते सगळं ओटीपासून पडवीपर्यंत पोचता पोचता सांडत होतं. दोनशेचा प्लॅन घेतला असता तरी पडवीत सहाच आले असते.

सिग्नलचे आकडे त्याहून बोलके होते. ओटीवर उणे ४१, पडवीत उणे ७९. हे माप डेसिबलमध्ये असतं आणि त्यात दर दहाला एक शून्य वाढतं. दहाने खाली गेलं तर एक दशांश, वीसने शतांश, तीसने हजारावा हिस्सा. ओटी आणि पडवीत अडतीसचा फरक, म्हणजे पडवीत माझ्या लॅपटॉपला ओटीच्या जेमतेम सहा हजारावा हिस्सा मिळत होता. तरीही त्यातून तो अक्षरं वेचत होता, हे मला आजही थोर वाटतं. सहा हजार शब्दांतला एक ऐकू यावा आणि त्यावरून वाक्य लागावं, असलं हे काम.

बाकीचं सगळं तीन भिंतींनी गिळलं होतं. जांभा हा खाणीतून काढताना मऊ आणि हवेवर टणक होत जाणारा दगड. अंगभर छिद्रं, आणि त्या छिद्रांत पाणी. पावसाळ्यात आमच्या भिंती बाहेरून काळ्या पडतात, आत हात लावला तर गार ओल लागते. वायफायच्या लहरींना पाण्याचं वावडं आहे. सैपाकघरातला मायक्रोवेव्ह ज्या २.४५ गिगाहर्ट्झवर अन्नातलं पाणी तापवतो, त्याच्याच शेजारपाजारच्या लहरी राउटर सोडत असतो, फक्त कितीतरी पटींनी क्षीण. म्हणून श्रावणात आमचं नेट मे महिन्यापेक्षा हळू चालतं. हे मी सलग दोन वर्षं मापून पाहिलंय.

हल्लीच्या राउटरमध्ये दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. धाकटी चपळ, पण भिंतीपुढे लवकर दमते. थोरली संथ, पण भिंत ओलांडते. नेरूळच्या आमच्या इमारतीत फोनवर एका वेळी तीस-पस्तीस घरांची वायफाय दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल इनमिन तीन, १, ६ आणि ११, आणि त्या तिघांवर अख्खी इमारत बसलेली. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला केला. शहरातल्या घरांना खरा मोकळा श्वास अशा रुंद पट्ट्यातच मिळतो. गावात दाटीच नाही. आमच्या घरातून दुसरं कुणाचं वायफाय दिसत नाही. तिथे दुखणं गर्दीचं, इथे दगडाचं, त्यामुळे नेरूळात लागू पडलेला कोणताही उपाय इथे चालला नाही.

दुकानदाराने रिपीटर दाखवला होता. मी घेतला नाही. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, म्हणून प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा सांगावी लागते आणि वेग निम्म्यावर येतो. मी पंचवीस मीटर केबल आणली, उंदरांच्या भीतीने पीव्हीसी पाइपात घातली आणि माळ्यावरून, वाशांच्या कडेकडेने माजघरात उतरवली. तिथे जुना राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट हवेत सोडणारा डबा, करून ठेवला. ओटीवरचा राउटर टीव्हीमागून काढून उंच, उघड्यावर टांगला. खर्च दीड हजाराच्या आत. पडवीत ७१ मिळायला लागले. साडेचार मिनिटांचं ड्रॉइंग आता अर्ध्या मिनिटाच्या आत येतं.

आणि मग लक्षात आलं की रात्री साडेआठ वाजले की हे ७१ पुन्हा १० होतात.

वायफायचं आमच्या बावीवरच्या रहाटासारखं आहे. रहाट एक, दोर एक, एका वेळी एकानेच ओढायचा. ज्याची घागर भक्कम तो झटकन भरून बाजूला होतो. ज्याची गळकी, तो तेवढ्याच पाण्यासाठी दोर तिप्पट वेळ अडवतो, आणि मागची रांग उभी राहते. लांब, कोपऱ्यात बसलेला जुना फोन तसाच. त्याला सिग्नल क्षीण मिळतो, म्हणून तो सावकाश बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत बाकी सगळे थांबतात. तेव्हा मी शोधत होतो ती गळकी घागर. राउटरच्या पानात शिरलो. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, बसवला त्या दिवसापासून तसाच. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. एकोणीस. आमची सहा.

ओटीवरचा दिवा मालवून मी बाहेर येऊन उभा राहिलो. अंगणापलीकडे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, त्याच्या पलीकडे पाखाडी. गडग्यावर ओळीने पाच चेहरे होते, फोनच्या निळसर उजेडात. आणखी काही खाली, दगडांना पाठ लावून. कोणी बोलत नव्हतं. रातकिडे आणि मध्येच एखाद्याच्या फोनमधून येणारा बारीक आवाज, एवढंच.

आधी मला राग आला. खोटं कशाला सांगू. मग एकाने मान वर केली आणि मी त्याला ओळखलं. सड्यावरचा. तेव्हा सातवी-आठवीत असेल, आता मिसरूड फुटलेलं. त्याच्या फोनवर कोणीतरी फळ्यावर काळ-काम-वेगाचं गणित सोडवत होतं. पोलीस भरतीची तयारी. त्याच्या शेजारचा क्रिकेट बघत होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी आप्पांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. "मे महिन्यात बावीवर अर्धी वाडी पाणी भरते. आपण कधी कुणाला विचारलंय?" ते म्हणाले. मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण आमच्या बावीला झरा आहे आणि मागायला आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलोय.

मग मी त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणांनी तो माग काढत आणला तो थेट सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. नेरूळहून दोन स्टेशनं. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांचं वायफाय उघडं होतं आणि कोणीतरी त्यावरून तो ईमेल पाठवला होता. त्यांची कसून चौकशी झाली, कॉम्प्युटर ताब्यात गेले. पुढच्याच महिन्यात दुसरा ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरच्या एका कंपनीच्या. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वायफाय शोधत फिरले. त्या दिवसांत आमच्या इमारतीत जिन्याजिन्यावर हाच विषय होता. जगाला दिसतो तो घराचा पत्ता. आत कोण बसून काय लिहीत होतं, ते बाहेरून दिसत नाही, आणि पोलीस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारात येतात. आमची जोडणी आप्पांच्या नावावर आहे. वय ७८.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग आगराकडे बघत म्हणाले, "बेडं उघडं टाकल्यासारखं झालं म्हणायचं."

गडग्यातून आत यायला जे बेडं असतं, आडव्या बांबूंचं, ते आमच्याकडे कधी कुलूपबंद नसतं. आमच्या आगरातून खालच्या वाडीला जायची वाट आहे. शाळेची मुलं, कामाच्या बाया, पोस्टमन, सगळे त्या वाटेने जातात आणि आजवर आप्पांनी कुणाला अडवलेलं नाही. पण जाताना ज्याने बेडं परत घातलं नाही त्याला त्यांनी हाक मारून मागे बोलावलंय. उघड्या बेड्यातून माणूस येतो तसं गुरूही येतं, आणि एका रात्रीत केळीचा फडशा पाडतं. मला दोन दिवस जे नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. मुलांना नेट द्यायचंच होतं. फक्त आपण देतोय हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं.

त्या दुपारी मी कुलपं घातली. आधी राउटरचाच पासवर्ड बदलला, कारण ते अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवलेली. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट्स पाडल्या. आमच्या आगरातही वानरांसाठी लावलेला एक कॅमेरा आहे. त्याचाही पासवर्ड १२३४५६ निघाला, तोही बदलला. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. तिचा पिन आठ आकडी असतो खरा, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत तो हाती लागतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. २०१७ मध्ये एका बेल्जियन संशोधकाने डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या कुलपातलीच खोट दाखवून दिली होती. ती बुजवणारं अपडेट न घेतलेले राउटर अजून कितीतरी घरांत टांगलेले असतील. डब्ल्यूपीए३ हे त्यापुढचं कुलूप आमच्या राउटरमध्ये होतं, पण आप्पांच्या जुन्या फोनला ते कळेना, म्हणून दोन्ही चालतील असं ठेवलं.

खरा प्रश्न पासवर्डचा होता. मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ मध्ये, म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी. आकडा ऐकायला मोठा आहे. पण घरासमोरून जाताना एखाद्याने फोन आणि राउटर यांच्यातली पहिली ओळखपाळख हवेतून टिपून नेली, तर पुढे घरी बसून, चांगलं ग्राफिक्स कार्ड लावून हे चारशे कोटी तपासणं तासा-दोन तासांचं काम आहे. आणि आमच्या गावात तर तेवढीही गरज नव्हती. त्या कंपनीची जोडणी असलेल्या प्रत्येक घराचा पासवर्ड घरमालकाचाच नंबर होता.

एक मात्र आप्पांना मी स्पष्ट सांगितलं, कारण बातम्या ऐकून ते फार धास्तावले होते. वायफाय उघडं होतं म्हणून बँकेतले पैसे गेले असते असं नाही. बँकेचं अ‍ॅप जे बोलतं ते फोनमधून निघतानाच बंद लिफाफ्यात घातलेलं असतं. गडग्यावर बसलेल्याला लिफाफा कुठे चाललाय एवढं फार तर कळेल, आतला मजकूर नाही. पेन्शनवाल्यांना लुबाडणारे पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करतात. त्यांना वायफायचा पासवर्ड लागत नाही, आपली भीती लागते. राउटरचं कुलूप त्यांच्यापुढे कामाचं नाही. हे सांगितलं नाही, तर कुलूप घातलं म्हणजे सगळं झालं असं वाटून माणूस निर्धास्त होतो, आणि तेच मला नको होतं.

नवा पासवर्ड आप्पांनी ठरवला. मी म्हटलं होतं, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, नुसता लांब असला तरी पुरे, चिन्हं-आकड्यांची कसरत नको. त्यांनी डोळे मिटले आणि आगरातल्या कोणत्यातरी वाटेवरची पाच झाडं सांगितली, काही जातीने, काही त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावांनी. त्यातली दोन आता उभी नाहीत. एक वादळात गेलं, एक आई गेली त्या वर्षी वठलं. कालनिर्णयवर लिहायची गरज उरली नाही. विसरलेच तर ते वाटेने मनातल्या मनात चालत जातात.

मुलांसाठी राउटरमधलं पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क सुरू केलं. त्याचं नाव 'ओटी'. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातली उपकरणं दिसत नाहीत, कॅमेरा नाही, माझा लॅपटॉप नाही. जुन्या घरात ओटीवर आलेल्याला पाणी, सुपारी, झोपाळा सगळं मिळायचं आणि माजघरात त्याची ये-जा नसायची, तसंच. वेगाला चाळीसची मर्यादा घातली. त्याचा पासवर्ड मात्र कुठे चिकटवलेला नाही. तो आप्पांकडे मागायचा.

पहिले आठ दिवस कोणी आलं नाही. गडगा रिकामा. मला वाईट वाटलं, आप्पा तर दर संध्याकाळी दोनदा अंगणापर्यंत जाऊन यायचे. नवव्या दिवशी सड्यावरचा तो मुलगा आला, बेड्याशी घुटमळला. आप्पांनी झोपाळ्यावरूनच हाक दिली, "कुणाचा रे तू?" त्याने बापाचं नाव सांगितलं, मग आजोबांचं. आजोबा आणि आप्पा एका वर्गात होते. मग अर्धा तास नेटचा विषयच निघाला नाही.

आता रोज रात्री पाच-सहा जण असतात. गडग्यावर नाही, ओटीवर. राउटर डोक्यावरच असल्यामुळे कुणाची घागर गळकी उरलेली नाही, आणि पडवीत माझे ७१ साठाच्या खाली येत नाहीत. आप्पांनी दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत एक पान त्यांच्यासाठी आखलंय. नाव, घर, आणि पुढे कशाची तयारी. पोलीस भरती. बारावी सायन्स. नर्सिंग. एकापुढे नुसतं 'क्रिकेट' लिहिलंय. नर्सिंगवाली मुलगी धाकट्या भावाला घेऊन येते आणि नऊच्या ठोक्याला उठते. तिच्या नावापुढे गेल्या महिन्यात आप्पांनी लाल पेनाने 'पहिलं वर्ष पास' असं लिहिलं.

परवा मी गावी होतो. दिवसभर कोसळत होता. रात्री मुलं भिजूनच आली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. भावाला ओटीवर जागा मिळाली नाही म्हणून तो आतल्या बाजूला, माजघराच्या उंबऱ्याशी टेकून बसला आणि थोड्या वेळाने कुरकुरला, "आप्पा, आज हळू चाललंय."

आप्पा झोपाळ्यावरून उठले. त्याचा तळवा धरून त्यांनी भिंतीवर टेकवला.

"बघ, किती भिजलेय," ते म्हणाले. "इकडे ये, या बाजूला बस."